काकांची खुकुरी आणि बांच्या चुका

खुकुरी एकदा म्यानातून बाहेर आली की रक्त चाटल्याशिवाय आत जात नाही. आणि ‘का?’ असं विचारायचं नाही. हा वुडलँड्सच्या नंदूकाकांचा नियम.

काका म्हणजे बाबांचे कॉलेजचे मित्र, सिंगापुरातले माझे स्वयंघोषित पालक. एरवी आयटीत मॅनेजर, दसऱ्याला सरदार! काठमांडूच्या ट्रिपमधून आणलेली पितळी नक्षीची खुकुरी ते पाटावर पुजतात. त्यात मी क्लेमेंटीत जिच्याबरोबर फ्लॅट शेअर करते ती सबिता नेपाळची. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिचे वडील गावी खुकुऱ्या घडवतात. मग काय, फ्रिजवरच्या मॅग्नेटसारखे किस्से साठत गेले.

*

रक्ताची सोय काकांनी स्वतःच केली आहे. दर दसऱ्याला शुगर तपासायच्या सुईने अंगठा टोचायचा, एक थेंब पात्यावर, एक थेंब पट्टीवर.

“परंपराही झाली आणि रीडिंगही झालं!” काका म्हणतात.

पात्यावरचा थेंब पुसायचा नाही. तोही नियमच.

*

हे सगळं मी सबिताला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्याकडे खुकुरी दिवसातून दहा वेळा बाहेर निघते. लाकडं, बांबू, दसैंचा, म्हणजे आमच्या दसऱ्याचा, बोकड. प्रत्येक वेळी रक्त काढलं असतं, तर मला घरीच नोकरी मिळाली असती.”

*

मी एकदा व्हिडिओ कॉलवर तिच्या वडिलांना, म्हणजे बांना, विचारलं, “तुम्ही स्वतः कोणती खुकुरी वापरता?”

मला वाटलं, मखमलीतून काहीतरी निघेल. बा उठून गेले आणि एक काळंकुट्ट पातं घेऊन आले. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाठ जरा वाकडी, म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेली.

“आणि भाजीला?”

त्यांनी सबिताच्या आईकडे कॅमेरा फिरवला. ती जमिनीवर बसून, पायाने पाट दाबून, उभ्या पात्यावर मुळा चिरत होती. अहो, चक्क विळी! तिकडे तिला चुलेसी म्हणतात.

“चांगली जमली की विकायची. चुकली की घरात ठेवायची,” बा म्हणाले. “पण चुकलेलीही कापते.”

सबिता म्हणाली, “आमच्या घरात बांच्या सगळ्या चुका आहेत. मी धाकटी.”

*

यंदा बा पंधरा दिवसांसाठी सिंगापूरला आले. समुद्र, उंच इमारती, सगळं पाहून झालं. थांबले ते हॉकर सेंटरमध्ये, चिकन राइसवाल्या अंकलच्या सुऱ्यासमोर.

“Uncle, cannot touch, lah!” तो बांवर ओरडला.

बा हलले नाहीत. त्यांनी फक्त स्वतःचे हात काउंटरवर ठेवले. भाजलेले, चरे पडलेले. अंकलने ते पाहिले, सुरा फडक्याने पुसला आणि मूठ बांकडे करून दिला. मुठीला चिकटपट्टीचे चार थर होते.

“हा याचा स्वतःचा आहे,” बा खूश होऊन म्हणाले. “दुसऱ्याला विकण्यासारखा नाही.”

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वुडलँड्सहून काकूंचा फोन आला.

“सबिताचे वडील म्हणजे... लोहारच ना गं? त्यांच्याकडे म्हणे लोहारांच्या हातचं पाणी चालत नाही. इंटरनेटवर वाचलं. आपण काही मानत नाही हं! सहज विचारलं.”

*

दसऱ्याला आम्ही तिघं वुडलँड्सला गेलो. हॉलमध्ये पंधरा-वीस काका-काकू. पाटावर झेंडूची फुलं, दोन लॅपटॉप आणि खुकुरी. काकांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि ओढली.

निघेना.

पुन्हा ओढली. मग कुलकर्णीकाकांनी म्यान धरलं आणि नंदूकाकांनी मूठ. सिंगापूरची दमट हवा, आणि वर्षभर आत राहिलेला तो थेंब. गंजून घट्ट बसली होती.

बांनी हात पुढे केला.

“अहो, पूजेतली आहे!” काकू म्हणाल्या. बांनी हात मागे घेतला.

काका मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “मुक्ता, तू असं कर. ही त्यांना बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन दे. त्यांनी काढली की तूच आत आण. आम्ही पाणी शिंपडून घेतो. उगाच कोणाला वाईट वाटायला नको.”

हळू म्हणजे हॉलभर ऐकू येईल इतकं हळू. बांना मराठी येत नाही. पण पूजा, बाहेर, पाणी यांना नेपाळीतही जवळपास हेच शब्द आहेत.

“नाही, काका.”

“अगं, पाचच मिनिटांचा प्रश्न आहे—”

“नाही. काढायची तर ते इथेच काढतील, पाटासमोर बसून. नाहीतर अडकलेलीच पुजा.”

मी खुकुरी काकांच्या हातातून घेतली आणि बांच्या हातात दिली. बा पाटासमोर बसले. म्यान कानाशी धरून टिचकी मारली. मग वर बघून हिंदीत विचारलं,

“थोडा तेल मिलेगा?”

समईच्या तेलाची बाटली काकूंच्या हातातच होती.