विमान कोणाचं?

आकाशातलं विमान पाहून हात हलवणारी माणसं पुष्कळ असतील, पण त्याचा मालक कोण म्हणून बेचैन होणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा. मी अकोल्याहून अमरावतीला गेलो की मामाजी गच्चीत बाजेवर पडलेले असायचे, छातीवर मोबाइल. त्यातल्या नकाशावर चिखलदऱ्याच्या डोंगरावरून एक पिवळं विमान मुंगीसारखं सरकत असायचं. "पाहा जवाईबापू, मंत्री याच्यात हाय. पन इमान सरकारचं नाई." मग नोंदणीच्या अक्षरांवरून शोध सुरू. विमान एका कंपनीच्या नावावर, चालवणारी दुसरी, भाड्यानं घेणारी तिसरीच. हा गुंता सोडवता सोडवता मामाजींचा छान डोळा लागायचा. कधी विमान नकाशावरून मध्येच नाहीसं व्हायचं. मालकानं दडवलं म्हणून मामाजी संध्याकाळभर रुसून बसत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या लहानपणी लग्नाला कोणाची बैलांची दमणी मागून आणली, तर मांडवात मालकाचं नाव पुकारून त्याला टॉवेल-टोपी देत. "मांगून आनलेल्या गाडीत बसाची लाज नाई. कोनाची ते सांगाची लाज वाटली, तं भानगड हाय समजा."

मामाजी स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते. वरून आपलं घर पाहायचं, एवढीच आयुष्यभराची इच्छा. गेल्या हिवाळ्यात ती पुरी व्हायची वेळ आली. मामाजींचा भाचा मंत्र्यांच्या मागेपुढे फिरायचा; त्यानं मंत्र्यांच्या मुंबईला परतणाऱ्या विमानात एक रिकामी जागा मिळवली. वरून घर ओळखू यावं म्हणून मामीजींनी लग्नातला लाल शालू गच्चीवर पसरला. मामाजींनी पिशवीत नवा टॉवेल आणि टोपी घेतली. विमानाच्या मालकासाठी!

सोडायला मी गेलो होतो. विमानतळावर मामाजींनी पिशवी उघडून मंत्र्यांच्या सहायकाला विचारलं, "मालक कोन हाय जी?"

"आपलंच समजा, काका."

"आपलं नाई, म्हनूनच इचारून राहिलो."

सहायक हसला, भाचा ओशाळला, पण नाव कोणी सांगेना. मामाजींनी काचेतून त्या पांढऱ्या विमानाकडे एकदा पाहिलं आणि पिशवी बंद केली. मग म्हणाले, "चाला, जवाईबापू."

कुंपणाबाहेरून आम्ही ते उडताना पाहिलं. कोवळ्या उन्हात वर चढून ते शहराच्या बाजूला वळलं, तेव्हा मला मामाजींचा राग आला आणि अभिमानही वाटला. घरी काय तोंड दाखवायचं म्हणून ते माझ्याबरोबर अकोल्यालाच आले. जगभरच्या विमानांची माहिती उघडी असावी म्हणणाऱ्या या माणसानं भाच्याला फोन करून गप्प राहायला बजावलं. टॉवेल-टोपी माझ्याकडेच ठेवली.

दोन दिवसांनी मी त्यांना अमरावतीला पोचवलं. मामीजी दारातच होत्या. "शालू दिसला का जी? मी हात हालवून राहिली होती."

मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"दिसला न," ते म्हणाले. "तूबी दिसली."