आमच्याच डब्यातलं तूप

लोणावळ्याहून आणलेल्या बिस्किटांच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘बटर’ असे छापले होते. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा टाइपात, घटकांमध्ये पामतेल आधी आणि लोणी सर्वांत शेवटी. ही उघड दिशाभूल आहे, आणि दिशाभूल निमूटपणे गिळणे माझ्या स्वभावात नाही. देहूरोडच्या डेपोतील नोकरीपासून मी नियमांवर बोट ठेवून पत्रे लिहीत आलो आहे. त्या दिवशीही उत्पादकाला उद्देशून मजकूर लिहायला घेतला.

वास्तविक ते खोके पत्नीसाठी आणले होते. दीर्घ आजारातून ती उठली होती, परंतु तोंडाची चव परतली नव्हती. ताट समोर आले की ती मान वळवी. आवडेल ते द्या, पण पोटात जाऊ द्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिने एक बिस्किट कुरतडले आणि बशीत ठेवून दिले.

“टाळ्याला चिकटतंय. सासूबाईंची नानकटाई असती, तर खाल्ली असती.”

“थांब, आधी यांना धडा शिकवतो.”

“शिकवा की. पर पत्र काय मला खाता यायचं न्हाई.”

त्या बोलण्याने मी मनाने थेट लहानपणीच्या कामशेतच्या भट्टीवर जाऊन पोहोचलो. दिवाळीच्या तोंडावर आसपासच्या गावांतील बायका आपापले सामान घेऊन तिथे येत: मैदा, रवा, पिठीसाखर आणि तोंडाला फडके बांधलेला तुपाचा डबा. बेकरीवाल्याने केवळ मळायचे आणि भाजायचे. आपले तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये, म्हणून आई परातीशेजारी ठाण मांडून बसे.

“आमच्याच डब्यातलं घाल रं बाबा. माजी नजर हाय.”

“मावशी, तुमची नजर पडंल तुपात,” तो म्हणे, आणि खोळंबलेल्या बायका खिदळत.

तूप आणि साखर तो तळहाताने पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसत असे. प्रत्येक गोळ्यावर एक चारोळी, ही आमच्या घरची खूण. भट्टीतून बाहेर येणाऱ्या नानकटाईला वरून भेगा पडलेल्या असत, आणि जिभेवर ठेवताच ती दातांची वाट न पाहता विरघळे. वेलदोड्याचा आणि तापल्या पत्र्याचा तो वास घरी येईपर्यंत माझ्या सदऱ्याला असे. अस्सल कशाला म्हणावे, हे मी आयुष्यभर त्या डब्यावरून ठरवत आलो.

म्हणून मीच करायला घेतली. ओळखीच्या गवळ्याकडून म्हशीचे लोणी आणून कढवले, तूप रवाळ थिजू दिले, मनगट भरून येईपर्यंत फेसले आणि मुलाने घेऊन दिलेल्या ओव्हनमध्ये गोळे ठेवले. थोड्याच वेळात ते पसरून एकमेकांना जाऊन मिळाले. ट्रेमध्ये एकच तुपकट पोळी झाली.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती.

“निम्मं वनस्पती घालायचं व्हतं.”

“वनस्पती तूप? आईच्या नानकटाईत?”

“मग! डबा भरायला घरी मीच असायची. नुसत्या तुपाची पसरती, म्हनायच्या. वासाला तूप, उभं ऱ्हायाला वनस्पती.”

“अगं, पण ती भट्टीवर पहारा देत असे!”

“आमच्याच डब्यातलं घाल, एवढंच म्हनायच्या. डब्यात काय हाय, ते कवा बोलल्या का?”

मी दुकानात जाऊन वनस्पतीचा पुडा आणला. तो पिशवीच्या तळाशी, वर कोथिंबीर.

दुसऱ्या खेपेला गोळे जागचे हलले नाहीत. हळूहळू फुगले, त्यांना भेगा पडल्या आणि स्वयंपाकघरात कामशेत दरवळू लागले. पत्नीने एक उचलली, चारोळी आधी दातांनी टिपली, नवी सून असताना टिपत असे तशीच, आणि उरलेली तोंडात टाकून डोळे मिटले. नंतर दुसरी घेतली.

“आता फाडा ते पत्र,” ती भरल्या तोंडाने म्हणाली.

“मुळीच नाही. त्या खोक्यावर ‘बटर’ छापलेले आहे. आईने डब्यावर काहीही लिहिले नव्हते.”

तिला इतके हसू आले की पदरावर चुरा सांडला. तो बोटाने टिपून तिने तोंडात टाकला, आणि बशी पुन्हा पुढे केली.