कंपनीचा वास
शेजारी कुणी बाथरूम घासायला घेतलं की तो घशात रुतणारा वास जिन्यापर्यंत येतो आणि मला रोह्याचं आमचं घर आठवतं. तिथे संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांकडून उग्र दर्प यायचा, त्याला सगळे 'कंपनीचा वास' म्हणायचे, आणि आईला दमा असल्यामुळे बाबा पटापट सगळ्या खिडक्या लावायचे. एका वर्षी पेणहून गणपती दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून बाबांनी हौसेने मोरी घासायला घेतली. अ‍ॅसिड ओतलं आणि लादी आणखी पांढरी व्हावी म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. थोड्याच वेळात स्वयंपाकघरात नारळ खोवणारी आई खोकायला लागली, मग तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. "आला वाटतं कंपनीचा वास!" म्हणत बाबा धावले. आईला बोलवेना, तिने नुसतं खिडकीकडे बोट केलं. "व्हय गो, लावतो," म्हणत त्यांनी ती लावली. तिने जोरात मान हलवून पुन्हा बोट केलं, तर त्यांनी कडीही घातली. शेवटी भिंतीला धरून ती स्वतःच उठली, मागचं दार उघडून पायरीवर बसली आणि मी आणून दिलेला दम्याचा पंप तिने ओढला. बाहेर हवा स्वच्छ होती, ओल्या भातशेतीचा वास होता. बऱ्याच वेळाने तिला शब्द फुटले. "अवो, कंपनी आज घरातच हाय," ती म्हणाली, "आन् तुमी तिला कोंडून ठेवताय." आता पंप माझ्याही पर्समध्ये असतो, आणि छातीत शिट्टी वाजली की बाहेरच्यांना शिव्या देण्याआधी मी आमच्या मोरीत डोकावते.