वेळेवर आलेले गिऱ्हाईक

हैदराबादच्या पोलीस नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, एकदा तर ठाण्याच्याच आवारातून आमची जीप चोरीला गेलेली पाहिली. ते सगळे आता पुसट झाले आहे. डोक्यात मुक्काम ठोकून बसली आहे ती एका जुन्या डिझेल गाडीची भानगड.

नव्या परदेशी गाड्या तेव्हा नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. ज्याला त्याला नवी हवी, म्हणून जुन्यांचा बाजार फुगला होता. त्याच सुमारास आजारी कारखाने माणसांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवत होते. अशाच एका कारखान्याच्या भांडारातला कारकून नारायणगुड्याहून माझ्या ठाण्यात आला. मराठी माणूस, इस्त्रीचा शर्ट, दाढी मात्र वाढलेली. हाती आलेली सगळी पुंजी घालून त्याने डिझेल गाडी घेतली होती. एका नव्या कचेरीतल्या लोकांना पहाटे घरून आणायचे काम मिळाले होते. आणि गाडी पहाटे सुरूच होत नव्हती. महिनाअखेरपर्यंत ती वेळेवर आली नाही, तर काम दुसऱ्याला देऊ, असे कचेरीने बजावले होते.

“दलाल म्हणतो, बघूनच घेतलीत ना,” तो म्हणाला. “खरं आहे साहेब. तीनदा बघितली. तिन्ही वेळा एका चावीत सुरू झाली.”

जबाब नोंदवला, पण कलम कशाच्या जोरावर लावणार? घासलेले इंजिन विकणे हा गुन्हा नव्हे. घासलेले आहे हे माहीत असून लपवणे, ही फसवणूक.

दलालाला चौकशीला बोलावले. दिलसुखनगरला घरासमोर गाड्या मांडून तो धंदा करी. “डाक्टर की गाडी थी साब,” तो छातीवर हात ठेवून सांगू लागला. “हार्न भी आहिस्ता मारते थे डाक्टरसाब.” मी त्याला दरडावले, खोलीत एकटे बसवले, पुन्हा विचारले. दोन तास तो मलाच एक गाडी विकत होता. खरे सांगतो, दुसऱ्या चहापर्यंत मी रंग कोणता आहे असे विचारू लागलो होतो.

शेवटी अफझलगंजात जुने टायर विकणाऱ्या माझ्या खबऱ्याने टीप दिली. “उनो कस्टमर आने के पहले गाडी कू गरम करके रखता साब. ठंडी गाडी किसीने देखीच नहीं.” झिजलेले डिझेल इंजिन थंड असताना पेटत नाही. एकदा तापले, की दिवसभर शहाण्यासारखे चालते. सगळी गोम इथे होती, पण ती डोळ्यांनी पाहायला हवी होती.

दलालाच्या दारात तशीच आणखी एक डिझेल गाडी विकायला होती. तिचे गिऱ्हाईक म्हणून एका हवालदाराला साध्या वेशात पाठवले. दलालाने दहाची वेळ दिली. हवालदार पोचला पावणेबाराला. हैदराबादच्या मानाने जरा लवकरच. बॉनेट तव्यासारखे तापलेले. “अभीच दवाखाने से आयी,” दलाल म्हणाला. चार दिवसांनी दुसरा हवालदार गेला. तेच. मी दलालाला शिव्या घातल्या, हवालदारांना घातल्या, नशिबाला घातल्या. घड्याळ मात्र माझ्या तडाख्यातून सुटले.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री मिरवणुकीचा बंदोबस्त होता. सकाळी डोळ्यांत वाळू आणि पायांत शिसे. घरी जाऊन पाठ टेकली असती, तर यमालाही रेड्यासकट परत जावे लागले असते. म्हणून हवालदाराला घेऊन थेट दिलसुखनगर गाठले. केवळ दमल्यामुळे आम्ही दहाच्या ठोक्याला गल्लीत हजर झालो.

दलाल बनियनवर होता. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीपाशी पेटती चिंधी धरून तो उभा होता आणि त्याचा मेहुणा गाडी ढकलत होता. धूर असा, की गल्लीतली कबुतरे कावळे होऊन उडाली. मी जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला. माठासारखे गार.

दलालाने आधी घड्याळ पाहिले, मग मला. चेहऱ्यावर भीती नव्हती. अन्याय झाल्याचे दुःख होते.

“हैदराबाद में टैम पे कौन आता साब?”

तोच त्याचा कबुलीजबाब. दहाला बोलावलेली माणसे साडेअकराच्या आत येत नाहीत, दहाला पेटवायला घेतले की पुरते. या भरवशावर त्याने सगळा धंदा उभारला होता. पंचनामा झाला. त्याच संध्याकाळी दलालाने कारकुनाचे पैसे आणून दिले. खटला पुढे माझ्या केसांबरोबर पांढरा झाला.

दुसरी गाडी बघायला कारकून मलाच घेऊन गेला. मालक बोलावेल तेव्हा जाऊ, असे तो म्हणत होता. मी पहाटे न कळवता नेले. मालक टॉवेलवर बाहेर आला. मी आधी बॉनेट चाचपले, मग चावी मागितली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. मालकाने मागितली ती किंमत कारकुनाने घासाघीस न करता दिली. महिनाअखेरीला त्याचे काम टिकले.

त्या प्रकरणाने मला एक खोड लावली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. आमंत्रणात लिहिलेल्या वेळेला मी लग्नाला जातो. मांडवात खुर्च्या मांडणारे आणि मी, एवढेच असतो. मुलीचा बाप एका कडेला बसलेला असतो, चेहरा थंड पडलेला. पहिली गाडी फाटकाशी थांबली, की तो उठतो, हात जोडतो, हसू पेटवतो. मग येणारे सगळे म्हणतात, किती खुशीत आहे माणूस.

मी त्याच्याजवळ जाऊन बसतो.