शेजाऱ्याला दिलेली शाल
मातृभाषा माणसाला कधीच सोडून जात नाही, असं आमच्या मंडळाचे अध्यक्षकाका दरवर्षी माइकवरून सांगतात. आज लिफ्टमध्ये पामतेलाच्या रश्श्याचा वास आला आणि जर्सी सिटीतला जुना शेजारी आठवला. तो अंगोलाचा, अम्बुंदू समाजातला. त्यांची भाषा किम्बुंदू; परदेशात राहूनही त्याने ती जपली असणार, असं धरून काकांनी त्याला मराठी दिनाचा पाहुणा केला. तिकडून आलेली त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. ‘मला किम्बुंदू येत नाही रे,’ तो माझ्या कानाशी म्हणाला, ‘मी शिकून पुढे जावं म्हणून हिनेच घरात पोर्तुगीज बोलायला लावलं, आणि आता कौतुकाने माझ्या भाषणाची वाट बघतेय.’ हॉलचं हीटिंग बंद होतं. शाल-श्रीफळ झालं आणि काका म्हणाले, ‘आता दोन शब्द आपल्या भाषेत!’ तो हातातला नारळ नुसता फिरवत राहिला. मग आईच उठली आणि किम्बुंदूत एक वाक्य बोलली. ‘माउलीचा आशीर्वाद!’ काकांनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. तो नुसता बघत राहिला. तिने तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं, आणि शेवटी थकल्या आवाजात पोर्तुगीजमध्ये सांगितलं. तेव्हा कुठे तो खाली उतरला आणि अंगावरची शाल काढून त्याने तिला दिली. तिला थंडी वाजत होती. आज संध्याकाळी हे सगळं मी मुलीला मराठीत सांगितलं. ‘सो डिड शी गिव्ह इट बॅक?’ तिने विचारलं. नाही दिली.