पाच घंट्यांवरची लेक

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या घरासमोर नागपूरला नेणारी जीप उभी होती आणि आई अंगणात माझं तिकीट वाचत बसली होती. दिल्लीहून पहाटे दोनला विमान, टोरांटोला सकाळी सातला. तिचा चेहरा एकदम उजळला. "हात्तीच्या, पाच घंट्यांचं तं आहे! गोंदियाहून मुंबईले याच्या तिप्पट लागते." तिकडचं घड्याळ आपल्या दहाएक तास मागे असतं, हे मी समजावलंच नाही. जीपमध्ये बसले.

पुढे कित्येक वर्षं मी पाच घंट्यांवरच राहिले. फोन केला की आई सुरू. "काऊन येत नाहीस वं? सकाळी निघ, जेवून परत जा." आठवडी बाजारातही माझी बदनामी व्हायची, की मोठीचा तिकडून पायच निघत नाही. मी इकडे बर्फात बस पकडताना चिडायचे, पण ते बोलणं ऐकल्याशिवाय करमायचं नाही. बाहेर राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

माझी धाकटी बहीण वैशू हैदराबादला असते. तिला गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापर्यंत थेट विमान मिळतं. सकाळचा चहा तिकडे, दुपारचं वरण-भात आईच्या हातचं. मी जळते तिच्यावर, सरळ सांगते. तिने घरून फोटो पाठवला की मी आधी तिचं ताट बघते आणि मग दिवसभर कोणाशी नीट बोलत नाही.

मागच्या दिवाळीला आई शेजारणींपुढे माझी उणीदुणी काढत होती. वैशूला राहवलं नाही. तिने मोबाईलवर नकाशा उघडला. दिल्ली ते टोरांटो साडेअकरा हजार किलोमीटर, पंधरा घंटे नुसते हवेत, दिल्ली गाठायचं ते वेगळंच. "बाईले कायले बोलतेस आई? ते येईल तरी कशी?" मला ती बाई म्हणते; माझी बाजू घेतली तिने. आईने म्हणे नकाशावर दिल्लीपासून टोरांटोपर्यंत दोनदा बोट फिरवलं.

त्यानंतर मी घरी गेले तर माझा चहा कपबशीत आला. ट्रेमधून, पाहुण्यांना देतात तसा. वैशूही आली होती. तिला आई म्हणाली, "उठ वं, किती लोळून राहिली, भांडी कोण घासन?" मी पदर खोचून उठले तर मला हात धरून बसवलं. "तू राहू दे माय, दुरून आलीस." नव्या धानाचा भात मला आधी वाढला, वर तुपाची धार. वैशू मोरीत कुरकुरत भांडी घासत होती. माझं सगळं लक्ष मोरीकडे. त्या भांड्यांसाठी मी भांडले असते.

परवा व्हिडिओ कॉल केला तेव्हा वैशू तिथेच होती. ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून आई तिला झाडत होती. माझ्याकडे वळली तसा तिचा आवाज मऊ झाला. मी म्हटलं, "आई, आठ दिवस झाले, मी फोन नाही केला. मलेही रागव ना."

"तुले कायले रागावू माय," आई म्हणाली. "एवढ्या दूर तू रुसलीस तं मनवायले कोण येईन?"

वैशू तोवर फुगून परसात गेली होती. आईने मोबाईल स्वयंपाकघरातल्या पाटावर उताणा ठेवला आणि तिला मनवायला उठली. रागावून लगेच मनवता येईल, एवढ्या अंतरावर असतं ते घर. आता ते वैशूचं आहे. मी बराच वेळ स्वयंपाकघराचं रिकामं छत बघत राहिले, फोन काही ठेवला नाही.