शपथविधीचा दिवस आणि कुंकवाचा करंडा

मी मुळातली संशयी. कुणी फार गोड बोललं की आधी मागे वळून बघते, याला काय हवंय म्हणून. त्यामुळे आमच्या अमेरिकन विभागप्रमुखांनी जेव्हा हसत हसत सांगितलं, की यंदाचा ऑनर सोसायटीचा समारंभ तूच पार पाडायचा, तेव्हा मी अभिनंदनाच्या आधी विचारलं, "मीच का?"

"तुमच्याकडे समारंभ फार छान होतात म्हणे," ते म्हणाले. म्हणजे बाकी कुणी तयार नव्हतं, हे मला तिथल्या तिथे कळलं.

तोक्योत आयटीवाल्या मराठी माणसांची रीघ लागली होती, ती ही वर्षं. नवरा तोयोसुच्या काचेच्या एका टॉवरमध्ये कोड लिहायचा आणि मी घरात बसून समोरचं पाणी बघायची. बघून बघून कंटाळले, तेव्हा एका अमेरिकन कॉलेजच्या तोक्यो शाखेत अर्धवेळ काम धरलं. आरुबाइतो म्हणतात इथे. विद्यार्थ्यांच्या खिडकीवर बसायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, वर्षातून एकदा खुर्च्या मांडायच्या.

आता ही ऑनर सोसायटी म्हणजे काय, तर ज्यांना उत्तम मार्क मिळतात अशा निवडक मुलांचं मंडळ. नाव ग्रीक अक्षरांत, ऑफिसात कुणालाच धड उच्चारता न येणारं. निवड झालेल्यांनी एका संध्याकाळी जमायचं, हॉलमधले दिवे मंद करायचे, मोठ्या मेणबत्तीवरून प्रत्येकाने आपली छोटी लावून घ्यायची, एका सुरात शपथ म्हणायची. मग आई किंवा वडिलांनी मुलाच्या कॉलरला बिल्ला लावायचा. आमच्या शाखेचा नियम असा की बिल्ला घरच्यांनीच लावायचा. कुणी आलं नाही तर प्रवेश नाही. मी म्हटलं, अरे, चांगले मार्क पडले तर पेढे वाटावेत! अंधारात शपथा कसल्या घेता?

त्यात आमच्याच ऑफिसबाहेर, आमच्याच फळ्यावर, एक पोस्टर लावलेलं होतं. अनोळखी गटांपासून सावध राहा. सुरुवातीला अभ्यासमंडळ म्हणून बोलावतात, तुमची खास निवड झाली आहे असं सांगतात, मग शपथ घ्यायला लावतात, मग घरच्यांपासून तोडतात. त्या काळात जपानी आईबापांना असल्या गुप्त पंथांची फार धास्ती होती, आणि ती उगीच नव्हती. मी पोस्टर वाचलं, समारंभाचं निमंत्रण वाचलं, पुन्हा पोस्टर वाचलं. एक 'घरच्यांपासून तोडतात' सोडलं तर फरक काहीच नव्हता.

निवडलेल्या मुलांत एक मुलगी होती. वडील पुण्याचे, आई जपानी. एकोणीस वर्षांची, किडकिडीत, डोळे मात्र वडिलांकडचे असणार. माझं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर जपानीतून यायचं. या सोसायटीत गेलं की पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या मूळ कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकता येत होतं. नाही गेलं, तर इथेच. ती खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "मला जायचंय. आईबाबा येतील असं काहीतरी करा."

दुसऱ्याच दिवशी तिच्या आईचा फोन. शपथेत नेमकं काय आहे? दिवे का घालवता? या मंडळाचा गुरू कोण? नंतर घरी फोन येतात का? आणि शेवटी, अगदी नम्रपणे, "यातून बाहेर पडता येतं का?"

बाईंचा राग यायला हवा होता. पण हाच प्रश्न माझाही प्रमुखांना विचारून झाला होता, त्यामुळे कुठल्या तोंडाने रागावणार? म्हटलं, वडिलांशी बोलावं. आपला माणूस, समजून घेईल. फोनवर जुन्या वळणाचं, स्वच्छ मराठी आलं. तीस वर्षं इथे राहूनसुद्धा! ऐकून बरं वाटलं. पण बोलणं कसं, तर "तिच्या आईला पटत नाहीये हो," "तिच्या आईचा जीव घाबरतो," "बघू, तिची आई काय म्हणते."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय! तिची आई म्हणेल तसं."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. जो नवरा सगळं बायकोच्या नावावर ढकलतो, त्याच्या मनात काहीतरी वेगळं शिजत असतं, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकले होते. पण काय शिजतंय, ते काही कळेना.

मग मी ठरवलं, कार्यक्रम असा घरगुती करायचा की कुणाला शंकाच येऊ नये. आपल्याकडे पाहुण्यांचं स्वागत करतात तसं. हॉलच्या दाराशी रांगोळी काढली. टेबलावर कुंकवाचा करंडा, अत्तराची कुपी, गुलाबदाणी. इमारतीच्या व्यवस्थापकांनी खऱ्या मेणबत्तीला साफ नकार दिला होता, म्हणून बॅटरीवरच्या आणल्या होत्या. पण खरा सुगंध हवा म्हणून कोपऱ्यात दोन उदबत्त्या मी त्यांच्या नकळत लावल्याच. लग्नातली पैठणी नेसले. तयारी बघून माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

पालक आले. सगळे काळ्या सुटात, काळ्या पोशाखात, रांगेत, गंभीर. दारात जमिनीवर काढलेली ती गूढ नक्षी. आत मंद उजेड, भिंतीवर न वाचता येणारी ग्रीक अक्षरं. आणि उदबत्तीचा वास. इथे उदबत्तीचा वास म्हणजे मयताचा, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण त्या दिवशी अक्कल पैठणीबरोबर आलेल्या पिशवीतच राहिली असावी. त्यात रेशमी कपड्यातली एक परदेशी बाई पुढे सरसावते, अंगावर पाणी शिंपडते आणि लाल पूड बोटावर घेऊन थेट कपाळाकडे येते!

पहिल्या आईने चक्क मान मागे घेतली. दुसऱ्या आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसरी होती ती आपल्या मुलीची आई. तिने कपाळ झाकलं नाही की ओरडली नाही. करंडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि आत बसलेल्या मुलीला हाक मारली. "चल, घरी जाऊ."

मुलगी उठली नाही. पांढरीफटक पडून नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिची अमेरिका माझ्या बोटावरच्या कुंकवात अडकली होती.

मी जपानीतून काहीबाही सांगू लागले. स्वागत, पाहुणे, आमची पद्धत. घाबरले की माझं जपानी आधी पळून जातं. त्यातून 'आमचा विधी' असा काहीसा शब्द निघाला आणि होतं तेही गेलं. सगळ्या हॉलमध्ये हे काय आहे ते जाणणारा एकच माणूस होता, आणि तो बायकोच्या मागे उभा राहून रांगोळीकडे बघत होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. तेव्हा कळलं. बायकोचा संशय याच्या पथ्यावर पडत होता! मुलीने जाऊ नये असं यालाच वाटत होतं, आणि ते एका शब्दाने न बोलता होऊ घातलं होतं.

मग माझं डोकं फिरलं. पैठणीचा पदर खोचून मी सगळ्यांसमोर मराठीत कडाडले, "अहो काका, तोंडात काय गूळ धरलाय? सांगा की त्यांना! हळदीकुंकवाला गेला नाहीत की काय कधी आईचं बोट धरून?"

काकांचा चेहरा उतरला. मग ते पुढे आले, करंड्यात बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. बायकोला जपानीत म्हणाले, "पाहुणा आला की आमच्याकडे असं करतात. माझी आईसुद्धा करायची. याच्यात दुसरं काही नाही."

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा नवरा इतके दिवस काय करत होता, ते तिलाही त्या क्षणी उमगलं असावं. ती आत गेली, तबकातला मुलीच्या नावाचा बिल्ला उचलला आणि आणून नवऱ्याच्या हातात ठेवला.

शपथ झाली. मी ती कान देऊन ऐकली, एकेक शब्द. प्रामाणिकपणे शिकेन, दुसऱ्याला मदत करेन, एवढंच काय ते होतं. काकांना बिल्ल्याची पिन काही लवकर लागेना. मुलगी मान वर करून थांबली होती आणि हसत होती. तिला इतकं मनमोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर सगळे चहाला गेले. काका मागे राहून माझ्याबरोबर खुर्च्या दुमडू लागले. माझा राग अजून उतरला नव्हता.

"आधीच का नाही बोललात? पोरीची संधी घालवून बसला असता!"

"घालवायलाच बसलो होतो," ते म्हणाले. कपाळावर कुंकू तसंच होतं. "मी निघालो तेव्हा आईने हातावर दही घातलं. म्हटलं, दोन वर्षांत शिकून परत येतो. तिने एवढासुद्धा संशय घेतला नाही."

"मग गेलात की नाही परत?"

"गेलो ना. तेराव्याला पोचलो."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. त्यांनी ती उचलून भिंतीशी लावली आणि इतका वेळ मला अहो-जाहो करणारा तो माणूस एकदम घरच्यासारखा म्हणाला, "तू किती वर्षं सांगून आली आहेस गं?"

"दोन," मी म्हणाले.

पाचवं चालू होतं. आणि माझ्या आईनेही अजून काही विचारलं नव्हतं.